पाण्यातला सोडा

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मम्मीला माहीत नाही, सोनलला माहीत नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमतंय. हाही भित्रेपणाच, नाही का?

मराठीत लिहायची मला सवय नाही. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, खराडीतल्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी. पण हे इंग्रजीत लिहिलं असतं तर ते पुन्हा लपवल्यासारखंच झालं असतं. का, ते पुढे कळेल.

आधी पाण्याबद्दल सांगते. पाण्याबद्दल बोलणं सोपं आहे.

हडपसरच्या पुढे आमची जमीन होती. ती बिल्डरला गेली, आणि राखून ठेवलेल्या तुकड्यावर पप्पांनी बंगला बांधला. मागच्या बाजूला लहानसा स्विमिंग पूल. पप्पा विहिरीत पोहायला शिकलेले, त्यांना तो पूल म्हणजे विहीर परत मिळाल्यासारखा वाटायचा. आमच्या काकीचं मत वेगळं होतं. “प्यायला टँकर आणि डुंबायला तलाव,” ती येईल त्या पाहुण्याला ऐकवायची, “आमच्याकडे हे असं असतं बघा.”

पूल बसवून देणारा माणूस पहिल्या दिवशी एक टेस्ट किट देऊन गेला. प्लास्टिकची डबी, तिच्यात दोन छोट्या नळ्या आणि दोन बाटल्या. नळीत पुलाचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, आणि रंग शेजारच्या पट्टीशी जुळवून बघायचा. एका नळीत क्लोरीन कळतं, दुसरीत पीएच. पीएचच्या नळीत पाणी पिवळं दिसलं तर ते आम्लाकडे झुकलंय, सोडा घाला. गडद गुलाबी दिसलं तर उलटं. मधला फिकट केशरी-गुलाबी रंग आला की पाणी ठीक.

किटबरोबरचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं. पप्पांनी ते उलटंसुलटं करून माझ्या हातात दिलं. “हे तू बघ. आपल्या घरात तूच शिकलेली.” मी लाजले, पण मला आवडलं — खरं सांगते, फार आवडलं. त्या घरात मी कधी मोठ्यानं बोलायची नाही. पाहुणे आले की खोलीत जायची. आता निदान एक गोष्ट अशी होती, जिच्याबद्दल सगळे मला विचारायचे. “पाणी कसं आहे?” मी नळी उजेडात धरून म्हणायची, “नॉर्मल.” आणि सगळे विश्वास ठेवायचे.

खरं तर मला ते नीट येत नव्हतं. दोन शेजारच्या रंगांत कुठला आपला, हे मला कित्येकदा कळायचंच नाही. मी अंदाजानं सांगायची. पण “मला कळत नाही” म्हणायचं कोणाला? आणि कसं?

आता आत्या.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. सोनल तिची एकुलती एक मुलगी. सोनल लहान असतानाच आत्याचे यजमान गेले, आणि आत्यानं हडपसर गावात पिठाची गिरणी चालवून पोरीला वाढवलं. तिच्या भुवयांवर कायम पीठ असायचं. सोनलचं लग्न ठरलं तेव्हा हळद आमच्या बंगल्यावर करायची, पुलाच्या कडेला, असं पप्पांनीच ठरवलं. हल्ली सगळीकडे तसं करतात. हळद लावायची, फोटो काढायचे, आणि मग नवरीला पाण्यात ओढायचं.

पहिली हळद कोणी लावायची, यावरून घरात कुजबुज सुरू होती. आमच्याकडे सवाष्णी लावतात. विधवेनं लावायची नसते — असं कोणी बोलून दाखवत नाही, फक्त तिला काहीतरी काम देऊन स्वयंपाकघरात पाठवतात. सोनलला आईच्याच हातची पहिली हळद हवी होती. आणि सगळ्यांसमोर तिची बाजू घेतली ती मी. मी! चहा चालला होता, मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “आत्याच लावेल. आता असलं काही नसतं.” सगळे माझ्याकडे बघत राहिले. काकी म्हणाली, “अरे वा, हिला तोंड आहे!”

आत्या मात्र घाबरली होती. “नको गं बाय. माझा हात नको. उद्या काय झालं तर लोकं म्हनतील—” मी तिचा हात धरला. म्हटलं, “आत्या, काही होत नाही. मी आहे ना.”

मी आहे ना. हे माझे शब्द.

हळदीच्या सकाळी मी पाणी तपासलं. नळी पिवळी. मागच्या आठवड्यात क्लोरीनच्या गोळ्या जास्त झाल्या असणार, मला वाटलं. सोडा घालायला हवा होता. हा सोडा पांढऱ्या भुकटीसारखा असतो — धुण्याचा सोडा असतो ना, तोच. माहितीपत्रकात लिहिलेलं होतं की सोडा थोडा थोडा घाला, पंप चालू ठेवा, पाणी फिरू द्या, आणि काही तासांनीच पुन्हा तपासा. मी ते वाचलेलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

पण पंप बंद होता. डेकोरेशनवाल्यानं पाण्यावर झेंडूची मोठी रांगोळी तरंगत सोडली होती. पंप चालू झाला की पाणी ओढलं जातं, फुलं जाळीत जाऊन अडकतात. “मॅडम, फंक्शन होईपर्यंत चालू करू नका हं,” तो म्हणाला. मी “बरं” म्हणाले. एका अनोळखी माणसाला “नाही” म्हणणं मला जमलं नाही. एवढंसं तर होतं.

मी फुलं बाजूला सारून एक मगभर सोडा टाकला. थोड्या वेळानं नळी भरली — पिवळीच. असणारच. पंप बंद, सोडा तळाशी जाऊन बसलेला, आणि मी पाणी घेत होते वरून. पण पाहुणे यायला लागले होते, पप्पा लांबून अंगठा दाखवून विचारत होते, आणि मी आणखी सोडा टाकला. पुन्हा पिवळी. आणखी. पिशवी जवळजवळ रिकामी झाली तेव्हा मी थांबले, पप्पांना अंगठा दाखवला आणि कपडे बदलायला गेले.

आत्यानं पहिली हळद लावली. सोनल पांढऱ्या कुर्त्यात, पाटावर. आत्यानं दोन्ही हात हळदीत बुडवले. तिनं गालांना लावली, मग सोनलला जवळ घेतलं, आणि तिच्या पाठीवर दोन्ही तळव्यांचे पिवळे ठसे उमटले. फोटोग्राफर म्हणाला, “मावशी, तसंच राहा, छान आलंय.” मुलाकडून उष्टी हळद घेऊन आलेल्या बायका बघत होत्या. मग बाकीच्यांनी लावली — मम्मीनं, काकीनं, मी. सोनल नखशिखांत पिवळी झाली, आणि आत्या इतकी हसत होती की मला तिचे दात पहिल्यांदाच नीट दिसले.

मग भावंडांनी सोनलला पाण्यात ओढलं. सगळेच उतरले, उड्या मारल्या, तळ ढवळला गेला. पाणी बघता बघता दुधासारखं झालं. “कोणी दूध ओतलं का रे?” कोणीतरी ओरडलं. मग डोळे चुरचुरायला लागले. आणि सोनल पायऱ्या चढून वर आली तेव्हा तिच्या कुर्त्यावरची हळद पिवळी नव्हती.

लाल होती. गालांवर लाल, मानेवर लाल. पाठीवर दोन लाल तळवे.

खरं तर सगळ्यांचीच हळद लाल झाली होती. मम्मीनं लावलेली, काकीनं लावलेली, मी लावलेली. पण कुर्त्यावर आकार फक्त त्या दोन हातांचा होता, आणि बघणाऱ्यांना जे बघायचं होतं ते मिळालं. नवऱ्या मुलाच्या आत्यानं पदर तोंडाला लावला. “अगंबाई,” एवढंच म्हणाली. ते एवढंच पुरलं.

शाळेत आम्ही हळदीचा कागद केला होता. हळदीत बुडवून वाळवलेला कागद, त्यावर साबणाचं पाणी टाकलं की लाल. मी तो सगळ्या वर्गापुढे करून दाखवला होता, इंग्रजीत, न अडखळता. म्हणजे मला कळायला क्षणही लागला नाही. तरी मी किट घेतलं, पुलाच्या मागच्या बाजूला गेले, नळी भरली, थेंब टाकले. पट्टीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढचा गडद गुलाबी. मी ते पाणी जास्वंदीच्या कुंडीत ओतून टाकलं, नळी धुतली आणि परत आले.

परत आले तेव्हा काकी बोलत होती. काकीचं तोंड फटकळ, पण ती खोटी नाही. “अहो, धुण्याच्या सोड्यानं होते की हळद लाल. चादरीवरचा डाग नाही का होत?” कोणीतरी म्हणालं, “पुलात कुठून येतोय धुण्याचा सोडा?” आणि पप्पा माझ्याकडे वळले.

“पिंकी, पाण्यात काही जास्त पडलं का गं?”

सगळे थांबले. आत्यासुद्धा बघत होती. तिचे हात अजून पिवळे होते — ती पाण्यात उतरलीच नव्हती. मला फक्त “हो” म्हणायचं होतं. काय झालं असतं? काकीनं दोन टोमणे मारले असते, पप्पा ओरडले असते, उद्यापर्यंत सगळे हसले असते. आयुष्यभर चिडवलं असतं मला, बस.

मी म्हणाले, “नाही पप्पा. रीडिंग नॉर्मल होतं.”

आणि कोणी विचारलं नाही पुढे. का विचारतील? शिकलेली मुलगी. इंग्रजी वाचून करते.

आत्या आत गेली. ती हात धूत होती, मोरीत बसून, साबण लावून — आणि तिच्या तळव्यांवरची हळदही लाल झाली असणार. साबणानं होतेच. तिनं ते बघितलं असणार. मी आत गेले नाही.

लग्न झालं. मोडलं वगैरे काही नाही, मुलगा चांगला आहे. कन्यादानाला आत्यानं एकटीनं बसायचं असं आधी ठरलं होतं, गुरुजींनीही मान्य केलं होतं. तिनं त्यासाठी मोतिया रंगाची पैठणी घेतली होती. सकाळी ती रोजच्याच एका साडीत आली आणि मम्मीला म्हणाली, “वहिनी, तुम्ही दोघं बसा.” कोणी आग्रह केला नाही. मीही नाही. अक्षता वाटत होते मी. आत्या हॉलच्या शेवटच्या रांगेत, पंख्याखाली.

हे इथे थांबलं असतं तरी बरं होतं.

पुढच्या वर्षी सोनलचं पहिलं बाळ पोटातच गेलं. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर आत्या आणि मी दोघीच होतो. मी तिला चहा आणून दिला. ती माझ्याशी बोलते, कारण मी गप्प असते — लोकांना वाटतं गप्प माणूस समजूतदार असतो. ती म्हणाली, “तवाच लाल झाली व्हती बघ हळद. मी नको म्हनत व्हते.” मग म्हणाली, “तुझी काय चूक न्हाई गं. तू चांगलंच बघत व्हतीस.”

मी काय केलं? मी म्हणाले, “चहा गार होतोय.”

हळदीत असलाच काहीतरी खार घालून तर कुंकू करतात. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी सोनलच्या पाठीवर सगळ्यांना जे भीतीदायक दिसलं, तो कुंकवाचा रंग होता. हे आत्याला सांगता आलं असतं. दवाखान्यात सांगता आलं असतं, गिरणीवर दळण न्यायला गेले तेव्हा सांगता आलं असतं. मी इतक्या वेळा तिच्यासमोर उभी राहिलेय आणि पीठ घेऊन परत आलेय.

पूल आता बंद आहे. पप्पांनी त्यात माती भरून लॉन केलं.

मागच्या महिन्यात सोनलच्या मुलीचं बारसं झालं. दुसरं बाळ, गुटगुटीत, छान आहे. पाळण्याभोवती सगळ्या बायका जमल्या, आणि आत्या दाराच्या चौकटीत उभी, दोन्ही हात पदराखाली. सोनल बाळ घेऊन तिच्याकडे गेली. “आई, घे ना.” बाळानं आत्याचा पदर मुठीत पकडला. आत्यानं पदर हळूच सोडवून घेतला — आणि मागे सरकली. म्हणाली, “लांबूनच बघते. दिसतीय की मला.”

मी तिथेच होते. फोटो काढत होते.

आत्या रोज पेपर वाचते. गिरणी चालू करून, चष्मा लावून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मराठीच वाचते. म्हणून हे मराठीत, आणि त्याच पेपरला पाठवतेय.

पाण्यात सोडा मी टाकला होता, आत्या. भरपूर टाकला होता. तुम्ही सगळे उभे होतात, तेव्हा मला माहीत होतं.