धर्मादादा आणि सात विहिरी

प्लेगच्या आदल्या वर्षी, वैशाखात, कळंबजवळच्या नदीकाठी धर्मादादा वारला. शिमग्याच्या सुमारास त्याला पिसाळलेला कोल्हा चावला होता. आमचा मळा त्याच्या मळ्याला लागून होता. पुढचे बरेचसे मी स्वतः पाहिले आहे.

नदी आटली की काठावर लोक काकडी आणि कलिंगड लावत. कोल्हे येत, वेल तुडवत, एकेक फळ चावून टाकून देत. बाकीचे शेतकरी फास लावत. धर्मादादाने तो कधी लावला नाही. वाकडी, किडकी फळे तो बांधापलीकडे टाकून ठेवी आणि कोल्हा दिसला की काठी आपटून दम देई, "तुजं तिकडं ठेवलंय रं. हिकडं आलास तर तंगडं मोडीन." तंगडे त्याने कोणाचेच मोडले नाही. आम्ही हसलो की म्हणे, "भाताचं बांध पोखरनारं खेकडं कोन खातो? तुमी खाता? कोल्हा खातो. त्याचा वाटा हाय."

तो पिसाळलेला कोल्हा भर दुपारी आला. काठीला भ्याला नाही. आधी खुंट्याला बांधलेल्या बकरीला चावला, मग तिला सोडवायला धावलेल्या धर्मादादाच्या मनगटाला. आम्ही दोघा-तिघांनी कोल्ह्याला दगडांनी ठेचून मारले. त्याच्या तोंडाला फेस होता.

आमच्याकडे असे झाले की सात विहिरींत डोकावतात. पाण्यात आपले तोंड दिसले की विष उतरते, असे सगळे मानत. मीही मानत होतो. धर्मादादा दुसऱ्या दिवशी निघाला तो बकरीला घेऊनच. मी बरोबर होतो. प्रत्येक विहिरीवर तो आधी स्वतः वाकून पाही, मग बकरीला उचलून तिचे तोंड पाण्यावर धरी. एका विहिरीवर बायका हसल्या.

"दादा, बकरीला आरसा दावतोस व्हय?"

"तिलाबी चावलाय गं," तो म्हणाला. "आन् ती माज्यापेक्षा देखनी हाय. मला बघून पानी ढवळलं, तिला तरी नीट दिसंल."

पाडव्यानंतर बकरी बिघडली. बसक्या आवाजात ओरडू लागली, खुंट्याला धडका देऊ लागली, आणि मेली. धर्मादादाने तिला नदीपल्याड पुरले. मी त्याला म्हणालो, मुके जनावर, तिने नीट पाहिले नसेल.

"मी धरली व्हती तिला," तो म्हणाला. "साती ठिकानी बघितलं तिनं. माज्यासारकंच." मग फावडे उचलताना म्हणाला, "सखूला बोलू नको."

सखू त्याची बायको. तिला सांगावे लागले नाही. वैशाखात एका सकाळी त्याच्या चावलेल्या मनगटाला मुंग्या आल्यासारखे झाले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याच्याने तोंडाला लाववेना. त्याने तो दूर सारला आणि उठून बकरीच्या रिकाम्या खोपीत गेला.

"भायेरनं कडी लाव गं," तो म्हणाला. "मी हाका मारीन. उघडू नको."

सखूने कडी लावली आणि दाराला पाठ लावून बसली. त्याने हाका मारल्या. आधी तिच्या नावाने, मग आईच्या, मग नुसत्याच. आम्ही तिला घरी चल म्हणालो, ती उठली नाही. आवाज थांबल्यावरही तिने कडी काढली नाही. ती मी काढली.