झावळीची राख
पोरीचे डोळे पांढरे झाले, अंग तव्यासारखं तापलेलं, नवरा तळोज्याला कंपनीत, फोन उचलेना, आणि मला काहीच सुचेना म्हणून मी भिंतीवरच्या क्रूसामागं खोचलेली वाळकी झावळी ओढली. झावळ्यांच्या रविवारी फादरनी आशीर्वाद देऊन दिलेली होती ती. गॅसवर पेटवली, बोटं भाजली. माझ्या माहेरी लेकरू तापलं की आई देवापुढचा अंगारा लावायची, लग्न करून मी चर्चची झाले, मला वाटलं ही पण देवाचीच राख. पोरीच्या कपाळाला लावली तेवढ्यात सासू नळावरून आली, तिनं हंडा दारातच ठेवला. "काय लावलंस गं तिला?" "अंगारा, मम्मी." ती पदरानं कपाळ घासून पुसायला लागली. "अंगारा नाय तो. राखेच्या बुधवारी फादर झावळीची हीच राख कपाळाला लावून म्हणतात, तू माती हायेस, मातीलाच मिळशील." मग रिक्षा, तुर्भ्याला ट्रकची रांग, आणि दवाखान्याच्या पायरीवर पोर माझ्या हातातच गार पडली. तीन वर्षं झाली. सासू म्हणते तुझा दोष नाय, पण माझ्याकडं बघून म्हणत नाय. परवा चर्चच्या आवारात जुन्या झावळ्या जाळत होते, तोच वास आला, आणि राखेच्या बुधवारी रांगेत माझी पाळी आली तेव्हा मी कपाळ मागं घेतलं. झावळी जाळत बसले नसते तर रिक्षा लवकर मिळाली असती. पण लेकरू तसं हातात असतं, घरात देवाचं म्हणून तेवढंच असतं, तर तुमी काय केलं असतं?