शपथेनंतरचा चहा

हौसाक्का सरपंच झाल्या त्या दिवसापासून त्यांनी गावात कुणाच्याही घरी चहा घेतला नाही. कारण त्यांची शपथ. आणि ती वाचून दाखवणारी ग्रामसेविका मी.

पहिल्या सभेत मी एकेक तुकडा वाचत होते, त्या मागून म्हणत होत्या. देवाचं नाव येताच त्यांनी हात वर केला. "त्याला कशाला मधी घालायचं? माझं तोंड हाय की." बरं, देव वगळला. पुढे 'कोणाविषयीही ममत्वभाव न बाळगता' आलं आणि पुन्हा थांबल्या.

"ममत्व म्हंजी आपलं मानूस, आपलं मानूस करनं ना?"

"हो."

"मग आमच्या शांतीचं कसं?"

शांताबाई त्यांची धाकटी बहीण, अक्कांच्याच आळीत दिलेली.

"अक्का, नुसतं म्हणायचं असतं. लोक खोळंबलेत."

"नुसतं म्हनायचं तर मला कशाला निवडून दिलं? टेप लावायचा."

शेवटी म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून चहा बंद. "च्या पोटात गेला की मानूस आपलं झालंच." जवळच्या घोटावड्याकडचे कारखानदार पंचायतीत भेटायला येत. अक्कांपुढचा कप निवत राही आणि ते मला बाजूला घेऊन विचारत, "मॅडम नाराज आहेत का?" मी उपवास सांगायची. आठवड्याचे सगळे वार वापरून झाल्यावर काय सांगायचं, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

मग नळयोजना आली. टाकीपासून डोंगरावरच्या वाडीला जाताना वाटेत अक्कांचीच आळी. आधी आळीत जोडण्या देऊ, असं इंजिनिअर म्हणाला. मलाही ते सोयीचं वाटलं. अक्का हटल्या नाहीत. "वाडीला पानी चढू द्या. आमी खाली हावोत, आमाला कुठूनबी मिळंल." वाडीला पाणी चढलं आणि आळीच्या तोंडाशी पाईप संपले. गुडघे दुखत असताना शांताबाई तिथल्या सार्वजनिक नळावरून हंडे वाहत राहिल्या. बहिणीशी बोलणंही त्यांनी सोडलं.

"बहिणीचा हंडा तरी उचला," मी एकदा चिडून म्हटलं. "शपथेत हंड्याचं काही नाही."

"आज हंडा, उद्या नळ," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

मुदत संपली. नव्या सरपंचाकडे कारभार देऊन अक्कांनी चपला घातल्या आणि सरळ बहिणीच्या ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. माझा रस्ता तोच, म्हणून मी मागे होते. शांताबाई तांदूळ निवडत होत्या.

"शांते, आता मी कुनी न्हाई. च्या टाक."

शांताबाईंनी मान वर केली नाही. एक खडा काढून अंगणात फेकला.

"घरात पानी न्हाई. हंडा आन, मग टाकते."

अक्कांनी पदर खोचला, हंडा उचलला आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, बघताय काय? ती कळशी घ्या."

मी घेतली.