शून्य नव्हे, चार

त्या शनिवारी माझा घसा पार बसला होता. सकाळी बोरिवलीच्या कॉलेजात तीन लेक्चरं, दुपारी चारकोपला घरी येऊन इंजिनीअरिंगच्या मुलांची बॅच. ही मुलं वही क्वचितच उघडायची. गणिताचा फोटो पाठवायची आणि खाली लिहायची, 'मॅडम, फक्त स्टेप्स पाठवा ना, उद्या सबमिशन आहे.' सुरुवातीला मी उलट विचारायचे, "तू काय करून पाहिलंस?" पुढे तेही सोडून दिलं. कागदावर सोडवायचं, फोटो काढायचा, पाठवून द्यायचं. त्याला शिकवणं म्हणायची मलाच लाज वाटायची, पण तेवढंच अंगात त्राण होतं.

बॅच सुटली की साडेचारला एक बाई यायच्या. पंचेचाळिशीच्या, जवळच्या गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. शाळेत प्रयोगशाळा सांभाळायच्या. वडील अचानक गेले तेव्हा त्यांनी बी.एस्सी. अर्धवट सोडलं होतं. धाकटी भावंडं मार्गी लागेपर्यंत वीस-बावीस वर्षं गेली आणि मग त्यांनी पुन्हा नाव घातलं. गणिताचा पेपर तेवढा डोंगरासारखा पुढे उभा होता.

त्यांच्या वहीत प्रत्येक गणित पेन्सिलीने आधीच सोडवलेलं असायचं. चुकलेलं असलं तरी शेवटपर्यंत नेलेलं. खरं सांगते, मला त्याचाच कंटाळा यायचा. दुसऱ्याच्या गणितातली चूक शोधण्यापेक्षा आपण नव्याने सोडवणं सोपं पडतं.

त्या दिवशी गणित होतं साइनच्या वक्राचं. एका पूर्ण लाटेने अक्षाबरोबर व्यापलेलं क्षेत्रफळ काढायचं. त्यांचं उत्तर होतं चार. मी वरवर नजर टाकली, मनातल्या मनात किमती घातल्या आणि म्हटलं, "शून्य येतं."

"शून्य?" त्यांनी वही स्वतःकडे ओढली. कडेला त्यांनी चित्र काढलं होतं. अक्षाच्या वर एक टेकडी, खाली तेवढाच खड्डा, दोन्ही रेघा मारून भरलेले. "मॅडम, पण एवढी जागा दिसतेय ना इथे. ती शून्य कशी होईल?"

"चित्रावर जाऊ नका हो. वरचे अधिक दोन, खालचे उणे दोन. गेलं की नाही?"

बसलेल्या घशातूनही माझा आवाज चढला होता. खोडरबर घेऊन त्यांनी चार पुसला आणि नीट गोल शून्य काढलं. सोमवारी त्यांना ती असाइनमेंट द्यायची होती.

सोमवारी सकाळी प्रथम वर्षाच्या वर्गात मी फळ्यावर तोच वक्र काढला आणि दर वर्षीचं वाक्य म्हटलं, "खालचा भाग उणे येतो, म्हणून क्षेत्रफळ काढताना दोन्ही भाग वेगळे घ्यायचे आणि बेरीज करायची. नाहीतर शून्य येईल, आणि शून्य म्हणजे चूक." बोलता बोलता माझा हात थांबला. मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं मॅडम?" "काही नाही," मी म्हटलं. तास कसाबसा संपवला.

लगेच त्यांना फोन केला. तो उचलला गेला नाही. संध्याकाळी कॉलेजातून थेट त्यांच्या घरी गेले. त्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होत्या. मला बघून गडबडल्या. "मॅडम, तुम्ही? या ना, आत या."

"आत नको. असाइनमेंट दिलीत?"

"दिली की सकाळीच."

"तुमचं उत्तर बरोबर होतं. चारच. मी चुकीचं सांगितलं, वर ओरडलेही. माफ करा."

आता त्या चिडतील, निदान मार्कांचं काही बोलतील असं मला वाटलं. कपड्यांची चळत छातीशी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"माझं बरोबर होतं?"

"हो."

"पूर्ण बरोबर? पद्धतपण?"

"पद्धतपण."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "पण तुम्ही म्हणालात म्हणजे माझंच चुकलं असणार, असं धरून चालले. घरातपण आयुष्यभर असंच केलं मी."

त्यांनी चहा केला. मी कपातला चहा पितानाच दोनदा पेंगले. त्यांनी उठवलं नाही, रिक्षा मात्र स्वतः थांबवून दिली.

गणिताच्या पेपरात त्या पहिल्यांदा चार मार्कांनी राहिल्या, दुसऱ्या खेपेला सुटल्या. दरम्यान माझं 'चुकलं' म्हणणं त्या निमूट ऐकून घेत नसत. "कुठे ते दाखवा," म्हणायच्या. मग मला त्यांची ओळ न् ओळ वाचावी लागायची. दमणूक काही कमी झाली नाही. उलट वाढलीच. त्या वर्षअखेरीस मी नुसत्या स्टेप्स पाठवायची ती इंजिनीअरिंगची बॅच बंद केली. मुलांना सांगितलं, घसा साथ देत नाही. तेही खोटं नव्हतं.