दुःखाचा फायदा सांगायची पाळी

सौदीत आमच्या रास तनुऱ्यात गुरुवारी संध्याकाळी कोकणी बायकांची बैठक भरते. कुराण वाचायचं, समोसे खायचे, आणि मग एकीने उठून सांगायचं की आपल्यावर कोणतं संकट आलं आणि त्यात अल्लाने आपलं काय भलं केलं. नुसतं संकट सांगून चालत नाही, भलं पाहिजेच. एकीचा फ्रीज बिघडला, तर तिला त्यात वजन उतरल्याचा फायदा सापडला. आम्ही सगळ्यांनी माशाअल्ला म्हटलं. तिच्याकडे बघून पटलं कुणालाच नव्हतं, ते सोडा.

ईद झाल्यावर पाळी आली माझ्या सुनेची. तिचा मुलगा सहाव्या महिन्यात पोटातच गेला होता. बैठक चालवणाऱ्या आपा घरी आल्या, खजुरांचा डबा पुढे सरकवून म्हणाल्या, "बेटी, तू सांगितलंस की बाकीच्यांना धीर येईल."

बाकीच्यांना. ज्यांची पोरं घरी मोबाइल बघत लोळत होती, त्यांना.

सून तेव्हापासून एकदाही रडली नव्हती. कशी आहेस विचारलं की अल्हमदुलिल्लाह, अल्लाचे आभार. जेवलीस का, तरी अल्हमदुलिल्लाह. सून इतकी शहाण्यासारखी वागायला लागली की सासूने घाबरावं.

ती घरी बसून इंग्रजीत एम.ए. करते. त्या आठवड्यात पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, "काय गो वाचतेस?"

"प्युरिटन बायकांचं लिखाण, अम्मी. इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या कडक ख्रिस्ती बायका, तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या. थंडी, आजारपणं, बाळंतपणं. मूल गेलं की लिहायच्या, माझा जीव देवापेक्षा त्याच्यात जास्त अडकला, म्हणून देवाने त्याला नेलं."

"म्हणजे आपल्या आपाच. समोसे तेवढे नसतील."

ती हसली नाही. "पण तेवढं लिहून त्यांना गप्प बसवत नाही. पुढच्याच ओळीत येतं, त्याचे केस किती दाट होते. मग देवाची माफी. मग परत केस."

"आणि तू काय सांगणार गुरुवारी?"

"आपांनी सांगितलंय ते."

गुरुवारी ती उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं बोलली. अल्लाची अमानत होती, त्याने परत घेतली. मला सबर, सोसायचा धीर, शिकायला मिळाला. आपा अशा मान डोलवत होत्या, जणू पेपर त्यांनीच काढलाय. आता ही बसेल म्हणून मी सरकून जागा केली. ती उभीच.

"मला सबर नको होता," ती म्हणाली. "मला तो हवा होता."

सगळ्यांना एकदम ओढण्या नीट करायचं काम निघालं. आपा म्हणाल्या, "तौबा कर, बेटी. असं बोलू नये. अल्ला ऐकतो."

"ऐकतो म्हणूनच सांगतेय ती," मी म्हटलं. "आपण मध्ये पडायला कुठले वकील लागून गेलो?"

आपांनी घाईघाईने दुआ सुरू केली. सगळ्यांनी हात वर केले. तेवढ्यात सुनेच्या शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "नाव काय ठेवणार होतीस?"

तिने सांगितलं, आणि खाली बसून रडायला लागली. एका घरात राहून ते नाव मलाही तेव्हाच कळलं. आपांची दुआ नेहमीच लांबते. त्या दिवशी म्हटलं, लांबू दे.