बदामाचं आळं

आमच्या सोसायटीत झाड वाळलं की त्याचं आळं सिमेंटने बुजवतात. काल बदामाचं बुजवलं. मोकळ्या मातीत कोणाचा पाय मुरगळू नये, हा हेतू. पण आता टाकी भरून वाहिली की पाणी अंगणातच साचतं; जिरायला जागाच उरलेली नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या, अविनाशच्या यकृतात हेच झालं आहे. जुन्या काविळीचा विषाणू आत राहिला आणि पेशी मारत गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, मरणारी पेशी शेजारच्या पेशींना खुणावते, मग त्या तिथे चिवट धागे विणतात. एखादी जखम असती तर तेवढ्याने भागलं असतं. इथे मरण थांबलं नाही, म्हणून विणणंही थांबलं नाही. आता यकृत निबर झालंय, रक्त अडतं आणि पोटात पाणी साठतं. एवढी वर्षं शरीर बिचारं दुरुस्तीच करत होतं. राग धरायचा तरी कोणावर?

आज दवाखान्यात त्याच्या पोटातलं पाणी काढलं.

"ताई, धरणाचे दरवाजे उघडले बघ."

"गप्प पड. हलू नकोस."

निघताना नर्स म्हणाली, "दहा दिवसांनी या."

तो माझ्याकडे वळला. "मागच्या खेपेला महिना म्हणाले होते ना गं?"

त्याला अजूनही वाकता येत नव्हतं. मी खाली बसून त्याच्या सुजलेल्या पायांत चपला सरकवल्या आणि म्हटलं, "चल, रिक्षा थांबलीय."