सुधीरदादांचं ‘सगळं जोडा!’

किस्से जमवावे लागत नाहीत. ऑफिसात तीन माणसं आणि त्यातला एक मालक असला, की ते आपोआप साचतात. आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस बोईसरला, टायरच्या दुकानाच्या वर. मालक सुधीरदादा कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले आणि तेव्हापासून एकच मंत्र: “आपण कोड ठेवतो ती साइट सगळ्याला जोडा!” जोडणारी अर्थात मी.

* * *

पहिली जोडणी मेसेजची. कोडमध्ये काही बिघडलं की ग्रुपवर मेसेज यायचा. ग्रुप दादांनी स्वतः निवडला. “एवढं येतं गं मला!”

दुपारी त्यांच्या सासूबाईंचा फोन. “जावईबापू, सकाळपासून ‘फेल, फेल’ येतंय. नक्की कोण नापास झालं?”

सासरचा फॅमिली ग्रुप! पण दादांनी तो तीन दिवस काढलाच नाही. म्हणाले, “सासरे पहिल्यांदाच माझ्या कामाची चौकशी करतायत!”

* * *

जोडणीला एक गुप्त किल्ली लागते, लांबलचक पासवर्डसारखी. “ही कुणाला दाखवायची नाही,” मी बजावलं.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीवरच्या बोर्डावर! वर लाल अक्षरांत: ‘गोपनीय’.

* * *

मग कोड तपासणारी सेवा जोडली. तिचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, प्रत्येक बदलाखाली चुका लिहितो. आमच्या विनयला वाटलं, कुणी वरिष्ठ आहेत. आठवडाभर “सॉरी सर, उद्या करतो सर” चाललं होतं. शेवटी तक्रार घेऊन गेला: “दादा, हे नवीन सर फार खडूस आहेत.”

“असूदेत. चहा मागत नाहीत, रजा मागत नाहीत. तू शीक काहीतरी!”

* * *

आणि सातपाटी. तिथल्या मच्छीमारांसाठी आम्ही हवामानाचं ॲप केलं. कोडला मी एसएमएसची सेवा जोडली. प्रत्येक चाचणीनंतर एक खोटा इशारा फक्त माझ्या फोनवर यायचा.

एका सकाळी तो मच्छीमारांच्या खऱ्या यादीवर गेला. ‘वादळ येत आहे. ताबडतोब परता.’

बाहेर आभाळ निळंशार! चाचणीआधी खरी यादी काढून माझा नंबर टाकायला मीच विसरले होते. ‘इशारा चुकून गेला’ असा दुसरा मेसेज पाठवला, तोवर नुकत्याच निघालेल्या बोटी माघारी वळल्या होत्या.

आम्ही बंदरावर पोचलो. दिवस फुकट, भरलेला बर्फ फुकट. सगळ्यात वयस्कर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, बोटीवरून उतरत होते. मी त्यांच्यापुढे हात जोडले.

“काका, चूक माझी आहे. वादळ नव्हतंच.”

“ठाव हाय,” ते म्हणाले. “आमाला दर्या दिसत नाय काय?”

“मग परत का आलात?”

त्यांनी मागे पाहिलं. किनाऱ्यावर बायकांची रांग उभी होती. पदर खोचलेले, प्रत्येकीच्या हातात फोन.

“पोरी,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “मॅसेज घरीपन गेला ना!”